वाचकांचे प्रश्न : इलेक्ट्रिक बोटीत नायट्रो इंजिन

रिमोटच्या इलेक्ट्रिक बोटीची मोटर काढून नायट्रो इंजिन (मिथेनॉल आणि नायट्रोमिथेनच्या इंधनावर चालणारं छोटं इंजिन) बसवायचं कसं, अशी विचारणा करणारी बरीच पत्रं आली आहेत. बहुतेकांनी इंजिन आधीच घेऊन ठेवलंय आणि आता ते बसवायचं कसं, यावर काम अडलंय. नेमके अडथळे मांडणारी पत्रं निवडून या अंकात एकत्र उत्तरं देत आहोत.

प्रश्न : माझी ७५ सेंटिमीटर लांबीची फायबरग्लासची डीप-व्ही (व्ही आकाराच्या खोल तळाची) बोट आहे. आत ३६ मिलिमीटर व्यासाची ब्रशलेस मोटर आणि चार सेलची लिपो बॅटरी आहे. मोटरच्या जागी ३.५ सीसीचं वॉटर-कूल्ड इंजिन बसेल का? सुरुवात कुठून करू?

बसेल. पण सुरुवात शाफ्टच्या रेषेपासून करा, इंजिनाचं नंतर बघू. या कामातल्या निम्म्या चुका इथेच होतात आणि नंतर दुरुस्त करायला सगळ्यात जास्त त्रासही याच देतात.

मोटरचा व्यास ३६ मिलिमीटर, म्हणजे तिचा मध्य तळापासून साधारण १८ मिलिमीटरवर येतो. स्टफिंग ट्यूब (शाफ्ट ज्यातून बोटीबाहेर जातो ती नळी) त्याच उंचीला बसवलेली असते. नायट्रो इंजिनाच्या क्रँकवर (फिरणाऱ्या मुख्य दांड्यावर) फ्लायव्हील (जड चाक) असतं. त्याचा व्यास ४० ते ४५ मिलिमीटर धरा. त्रिज्या झाली २० ते २२, शिवाय खाली निदान ३ मिलिमीटर मोकळी जागा हवी, कारण रबरी माउंटवर इंजिन थोडं हलतं. म्हणजे क्रँकचा मध्य २५ मिलिमीटरच्या आसपास जातो. ट्यूब राहते खाली आणि क्रँक वर. मधल्या सात मिलिमीटरसाठी फ्लेक्स शाफ्टला (प्रोपेलर फिरवणाऱ्या लवचिक केबलला) 'एस' आकाराचं वळण देऊन काम भागवलं, तर केबल आणि लायनर (ट्यूबमधलं अस्तर) दोन्ही तापतात, लायनर वितळतो आणि केबल कॉलेटच्या (तिला इंजिनाशी आवळून धरणाऱ्या पकडीच्या) तोंडाशी तुटते. डीप-व्हीच्या तळाला मधोमध खोलगटपणा असतो, त्यामुळे थोडी जागा मिळते. पण मोजल्याशिवाय तिच्यावर भिस्त ठेवू नका.

जुनी ट्यूब काढायला तिच्यात तापवलेली सळई घाला. बाहेरचं इपॉक्सी नरम पडलं की ट्यूब हळूहळू फिरवत ओढा. नवी पितळी ट्यूब आतल्या टेफ्लॉन लायनरसकट मापाने निवडा. वाकवण्याआधी पितळ मंद लाल होईपर्यंत तापवून गार होऊ द्या, ट्यूबमध्ये बारीक कोरडी वाळू ठासा आणि एकच सौम्य वळण द्या. लायनर नंतर सरकवायचा. इंजिनाकडचा ५० ते ६० मिलिमीटर भाग मात्र अगदी सरळ ठेवा.

आता जुळवणी. केबलच्याच व्यासाची सरळ पोलादी सळई कॉलेटमध्ये आवळा आणि तिचं दुसरं टोक ट्यूबच्या सरळ भागात घाला. इंजिन माउंटवर सैल ठेवून पुढेमागे, वरखाली हलवत राहा. ग्लो प्लग (इंधन पेटवणारा प्लग) काढलेला असताना सळई दोन बोटांनी फिरली पाहिजे आणि कुठल्याही कोनात घासता कामा नये. एका जागी घट्ट आणि अर्ध्या फेरीनंतर सैल लागली, तर सळई वाकलेली आहे. सगळीकडे सारखीच घट्ट लागली, तर रेषा चुकलेली आहे. हे जमेपर्यंत इपॉक्सीचा डबा उघडू नका.

माउंटसाठी ३ मिलिमीटर जाडीचा अॅल्युमिनियम अँगल किंवा ६ मिलिमीटरचा मरीन प्लाय घ्या. रेल १५० ते २०० मिलिमीटर लांब ठेवा, म्हणजे भार पसरतो. इंजिन मिनिटाला २२,००० फेरे मारतं, म्हणजे सेकंदाला साडेतीनशेहून जास्त हिसके. इलेक्ट्रिक बोटीचा हल (बोटीचं कवच) हे सोसायला बनवलेला नसतो. त्यामुळे आतला तळ ८० नंबरच्या कागदाने घासून रेलच्या दोन्ही बाजूंना काचकापडाची पट्टी इपॉक्सीत बसवा. प्लायच्या कडा आणि बोल्टची भोकंही आतून इपॉक्सीने बंद करा. तेलमिश्रित इंधन लाकडात एकदा मुरलं की त्यावर पुन्हा काहीही चिकटत नाही.

प्रश्न : माझी बोट एबीएस प्लास्टिकची, ६५ सेंटिमीटरची आहे. तिच्यात २.१ सीसीचं छोटं इंजिन चालेल का?

आमचा सल्ला नाही असा आहे. साधारण १०० अंशांच्या पुढे एबीएस मऊ पडतं आणि एक्झॉस्ट हेडर (इंजिनातून धूर बाहेर नेणारी नळी) त्याहून पुष्कळ तापतो. इपॉक्सीची पकडही या प्लास्टिकवर कच्ची असते, त्यामुळे रेल काही फेऱ्यांतच सुटतात. ही बोट इलेक्ट्रिकच राहू द्या. खर्च करायचाच असेल तर रिकामा फायबरग्लासचा हल घ्या. रडर (सुकाणू), सर्व्हो (रिमोटच्या इशाऱ्यावर दांडी हलवणारी छोटी मोटर), स्ट्रट (शाफ्टला मागे आधार देणारा भाग) असं बरंच सामान तिकडे वापरता येईल.

प्रश्न : नायट्रो केल्यावर वेग वाढेल ना?

बहुतेक वेळा वाढत नाही, आणि हे खर्च करण्याआधीच कळलेलं बरं. साधा हिशोब करू. ४२ मिलिमीटरचा, १.४ पिच-गुणोत्तराचा (एका फेऱ्यातली चाल व्यासाच्या १.४ पट असलेला) प्रोपेलर एका फेऱ्यात तत्त्वतः ५८.८ मिलिमीटर पुढे जातो. २२,००० फेऱ्यांना मिनिटाला १,२९० मीटर, म्हणजे ताशी ७७ किलोमीटर. घसर (पाण्यात वाया जाणारी चाल) १५ टक्के धरली तर ६५ च्या आसपास. चार सेलवरची चांगली ब्रशलेस मोटर एवढं आरामात देते, आणि तेही पहिल्या क्षणापासून.

नायट्रोचं आकर्षण वेगळं आहे. एक्झॉस्टचा पाइप लागल्यावर (फेरे त्याच्या टप्प्यात आल्यावर) बदलणारा आवाज, नीडलच्या (इंधन कमीजास्त करणाऱ्या स्क्रूच्या) पाव फेऱ्याने हाताखाली बदलणारं यंत्र, आणि टाकी भरून दोन मिनिटांत पुन्हा पाण्यात जाता येणं. हे हवं असेल तर काम जरूर करा. नुसत्या वेगासाठी करू नका.

इथेच प्रोपेलरची गोष्ट येते. इलेक्ट्रिक मोटर शून्यापासून पूर्ण जोर देते, त्यामुळे मोठा प्रोपेलरही ओढते. नायट्रोला फेरे वाढून पाइपच्या टप्प्यात यावं लागतं. जुनाच मोठा प्रोपेलर ठेवला तर बोट नांगरासारखी पाणी कापत राहते, वर उचलली जात नाही आणि इंजिन तापतं. ३.५ सीसीला ४० मिलिमीटरपासून सुरुवात करा आणि एकेक मिलिमीटर वाढवा. पाइप आधी निर्मात्याने सांगितलेल्या लांबीपेक्षा थोडा लांब ठेवा. लांब पाइप खालच्या फेऱ्यांना जोर देतो, आखूड पाइप वरच्या. कापायचा झाला तर एका वेळी ३ मिलिमीटरच. एकदा कापलेला पाइप परत लांब होत नाही.

प्रश्न : इंजिन सुरू होतं, पण बोट मागे जाते! मोटरला दोन वायरी अदलाबदल केल्या की दिशा बदलायची. इथे काय करायचं?

इंजिनाची दिशा बदलता येत नाही, बाकी सगळं तिच्याप्रमाणे बदलावं लागतं. बोटीच्या मागे उभं राहून पाहिलं, तर नेहमीच्या बसवणीतलं नायट्रो इंजिन शाफ्टला घड्याळाच्या काट्यांच्या उलट फिरवतं. तुमची मोटर काट्यांच्या दिशेने फिरत होती आणि प्रोपेलर त्या दिशेचा होता. डाव्या हाताचा प्रोपेलर लावा, बोट पुढे जाईल.

पण तेवढ्यावर थांबू नका, केबलही तपासा. फ्लेक्स शाफ्ट तारांच्या थरांनी विणलेला असतो आणि भार आल्यावर बाहेरचा थर आवळला गेला पाहिजे. केबल बाहेर काढा, प्रोपेलरकडचं टोक पकडीत धरा आणि इंजिनाकडचं टोक इंजिन ज्या दिशेने फिरवतं तसंच पिळा. केबल ताठ झाली तर ठीक. तारा सुटून मधे फुगवटा आला, तर ती केबल उलट दिशेची आहे. ती पहिल्याच फुल थ्रॉटलला ट्यूबमध्ये उलगडून अडकेल. मग शाफ्ट जागच्या जागी थांबतो, इंजिन मात्र फिरत राहू पाहतं आणि कॉलेट किंवा क्रँक जातो.

योग्य दिशेची केबल भाराखाली आवळली जाऊन किंचित आखूड होते. म्हणून स्ट्रट आणि ड्राइव्ह डॉग (प्रोपेलरला पकडून फिरवणारा भाग) यांच्यामध्ये ३ ते ५ मिलिमीटर फट ठेवा. फट नसेल तर डॉग स्ट्रटवर घासतो. 'बोट पाण्यात जड वाटते' अशी तक्रार करणाऱ्यांनी आधी ही फट बघावी. केबलला प्रत्येक दिवसाच्या वापरानंतर बाहेर काढून पुसा आणि मरीन ग्रीस लावा.

प्रोपेलर डावीकडे फिरतो म्हणजे हलवर उलटा पीळ येतो आणि उजवी बाजू खाली दबते. म्हणून टाकी आणि रेडिओची पेटी डाव्या अंगाला सरकवा. तरी कलत असेल तर उजव्या ट्रिम टॅबची (बोटीच्या मागे तळाशी असलेल्या पट्टीची) मागची कड अगदी थोडी खाली करा.

प्रश्न : बॅटरी गेली म्हणजे वजन बरंच कमी होईल. मग बोटीच्या नाकात वजन घालावं लागेल का?

वजन कमी होत नाही, उलट वाढतं. मोटर, ईएससी (मोटरचा वेग नियंत्रित करणारं सर्किट) आणि बॅटरी मिळून साधारण ९०० ग्रॅम निघतात. त्यांच्या जागी फ्लायव्हीलसह इंजिन ४५० ते ५००, रेल आणि माउंट १५०, हेडर-पाइप १५० ते २००, थ्रॉटल सर्व्हो आणि रिसीव्हरची बॅटरी १५०, आणि २५० मिलिलिटर इंधन टाकीसकट पावणेतीनशे ग्रॅम. बेरीज बाराशेच्या आसपास जाते.

गुरुत्वमध्य डीप-व्हीसाठी ट्रान्समपासून म्हणजे मागच्या उभ्या फळीपासून लांबीच्या २८ ते ३२ टक्क्यांवर ठेवा. तुमची बोट ७५ सेंटिमीटरची असेल, तर २१ ते २४ सेंटिमीटर. बॅटरीचं वजन दिवसभर तेवढंच राहतं, इंधन मात्र जळत जातं. टाकी नाकात ठेवली तर सुरुवातीला बोट पाण्याला चिकटते आणि शेवटी नाक उचलून उडू लागते. टाकी गुरुत्वमध्याच्या जवळ ठेवा, एकदा भरून आणि एकदा रिकामी करून मोजा. दोन्ही वेळा मध्य त्या तीन सेंटिमीटरमध्ये आला की झालं. नाकात शिसं घालायची वेळ आली, तर आधी इंजिनच १० मिलिमीटर पुढे सरकतं का ते बघा.

प्रश्न : थ्रॉटलसाठी सर्व्हो जोडला, पण रिसीव्हर चालूच होत नाही.

रिसीव्हरला वीज ईएससीमधल्या बीईसी या छोट्या सर्किटकडून येत होती. ईएससी गेला, वीजही गेली. पाच सेलचा ६ व्होल्टचा निकेल-मेटल हायड्राइड पॅक किंवा दोन सेलचा ६.६ व्होल्टचा लायफ पॅक स्विचमार्गे जोडा. सर्व्हो ६.६ व्होल्टला चालतो का, हे मात्र आधी पाहून घ्या.

सर्व्हो, रिसीव्हर, बॅटरी बंद पेटीत ठेवा. दांड्या बाहेर येतात तिथे रबरी बेलो लावा, रिसीव्हर फोममध्ये गुंडाळा. अँटेनाचं टोक डेकच्या वर असलं पाहिजे, कारण २.४ गिगाहर्ट्झच्या लहरी पाण्यातून जात नाहीत. कार्बोरेटर पूर्ण बंद आणि पूर्ण उघडा या दोन टोकांना सर्व्होचे एंड-पॉइंट जुळवा. टोकाला पोहोचून सर्व्हो गुणगुणत असेल तर तो ढकलत बसलाय, प्रवास कमी करा.

फेलसेफ (सिग्नल तुटल्यावर सर्व्हो कुठे जावा याची सेटिंग) हा इथला सगळ्यात महत्त्वाचा भाग. ईएससीला सिग्नल गेला की मोटर थांबायची. नायट्रो बोटीत सर्व्हो जिथे असेल तिथेच राहील आणि बोट पळत सुटेल. फेलसेफ कार्बोरेटर पूर्ण बंद होईल असा लावा आणि किनाऱ्यावर इंजिन सुरू असताना ट्रान्समीटर बंद करून इंजिन मरतंय ना ते पाहा. क्लच नसल्यामुळे आयडलवरही (इंजिन अगदी मंद फिरत असतानाही) प्रोपेलर फिरतो, म्हणून सुरू करताना बोट स्टँडवर पट्ट्याने बांधा आणि प्रोपेलरच्या रेषेत कुणालाही उभं राहू देऊ नका. पाण्याबाहेर १० सेकंदांपेक्षा जास्त चालवू नका. पाण्याशिवाय स्ट्रटची बुश कोरडी फिरते, आणि भार नसताना इंजिन क्षणात भलतेच फेरे घेतं.

प्रश्न : फुल थ्रॉटलला ३०-४० सेकंद झकास चालते, मग आवाज पातळ होतो आणि वळणावर इंजिन बंद पडतं. नीडल उघडली तर किनाऱ्यावर धूर काढत गुदमरतं. काय चुकतंय?

नीडलला दोष देण्याआधी कार्बोरेटरकडे जाणाऱ्या नळीकडे बघा. अर्धपारदर्शक सिलिकॉनची नळी वापरत असाल तर इंजिन बंद पडल्या पडल्या बोट परत आणून नळी उजेडात धरा. मिलिमीटर-दीड मिलिमीटरचे बुडबुडे ओळीने दिसले, तर इंधनात फेस होतोय. टाकी थेट हलला टेकलेली असेल, तर कंपनाने हे होतं. टाकीभोवती १० मिलिमीटरचा मऊ फोम द्या आणि तिला दोन रबरबँडने बांधा. त्यानेही बुडबुडे गेले नाहीत तर मुख्य टाकी आणि कार्बोरेटर यांच्यामध्ये २५ ते ३० मिलिलिटरची हॉपर टाकी बसवा. बुडबुडे तिच्यात वर राहतात, इंजिनाला खालचं इंधन मिळतं.

बुडबुडे नसतील तर टाकीतला क्लंक (आतल्या नळीच्या टोकाचं, इंधन ओढणारं वजन) पाहा. टाकी रिकामी करून हातात तिरपी धरा आणि वळणात इंधन ज्या कोपऱ्यात जातं, तिथे तो पोहोचतो का बघा. तो मधेच अडकत असेल तर आतली नळी कडक झाली आहे. टाकीची मधली रेषा कार्बोरेटरच्या स्प्रे बारच्या (इंधन सोडणाऱ्या नळीच्या) उंचीला हवी. टाकी फार वर असेल तर किनाऱ्यावर इंजिन इंधनाने भरतं, आणि तुमच्याकडे होतंय ते त्याच्याशी जुळतं. पाइपपासून टाकीपर्यंतची प्रेशर नळीही तपासा. टाकीच्या झाकणाच्या रबरावर बारीक चीर असली तरी दाब निघून जातो.

तिसरी शक्यता इलेक्ट्रिक बोटीतूनच आलेली असते. तिचा हॅच (डेकवरचं झाकण) टेपने बंद करायची सवय. ३.५ सीसीचं दोन-स्ट्रोक इंजिन २२,००० फेऱ्यांना मिनिटाला साधारण ७७ लिटर हवा मागतं. बंद हलमध्ये हवेचा पुरवठा तोकडा पडतो आणि मिश्रणाचा ताळमेळ सुटतो. काउलला (इंजिनावरच्या झाकणाला) मागच्या बाजूने उघडणारी खिडकी ठेवा. पुढून उघडी ठेवली तर हवेबरोबर पाणीही येईल.

हे सगळं ठीक असेल, तरच नीडलला हात लावा. मुख्य नीडल आठवा भाग फेरा उघडा, एक फेरी मारा, थांबवून प्लग काढा. तार चमकदार आणि सरळ असेल तर मिश्रण बरोबर. राखाडी, खरखरीत किंवा वाकडी झाली असेल तर इंधन अजून कमी पडतंय. ओली आणि काळपट असेल तर जास्त. आयडलवर गुदमरणं हे खालच्या (कमी फेऱ्यांच्या) नीडलचं काम आहे, ते मुख्य नीडलने सुटणार नाही.

थंडाव्याचं एक राहिलं. रडरवरून येणारी जुनी पाण्याची नळी तशीच हेडला जोडता येते. बाहेर पडणारं पाणी डेकच्या बाजूने दिसेल असं काढा, किनाऱ्यावरून धार बंद झालेली कळते. पाणी हाताला कोमट लागलं पाहिजे. अगदी गार लागत असेल तर इंजिन जास्त थंड होतंय, नळीत बारीक छिद्राचा अडसर घाला. बोटीत इंजिन तापण्याइतकंच गारठणंही वाईट, कारण एबीसी (अॅल्युमिनियमचा पिस्टन आणि क्रोम चढवलेली पितळी बाही असलेल्या) सिलिंडरची फट गरम इंजिनालाच धरून बनवलेली असते.

प्रश्न : बोट उलटली आणि इंजिनात पाणी गेलं. फिरवून पाहू का?

नको, स्टार्टर लावूच नका. पाणी दाबलं जात नाही, कनेक्टिंग रॉड वाकेल. प्लग काढा, बोट उलटी धरून फ्लायव्हील हाताने फिरवा, पाणी बाहेर येऊ द्या. मग कार्बोरेटरमध्ये थोडं ताजं इंधन टाकून पुन्हा हाताने फिरवा. मिथेनॉल पाण्यात मिसळतं, उरलेलं पाणी तेच ओढून नेतं. नवा प्लग लावून त्याच दिवशी बोट पाण्यात दोन मिनिटं तरी चालवा, नंतर आफ्टर-रन तेलाचे (वापरानंतर गंज रोखणाऱ्या तेलाचे) काही थेंब. दुसऱ्या दिवशीपर्यंत तसंच ठेवलं तर बेअरिंगवर गंज धरतो.

उलटलेली बोट बुडू नये म्हणून बंद पेशींचा फोम नाकात आणि दोन्ही बाजूंना भरा. एक लिटर फोम जवळपास एक किलो तोलतो. बोट तीन किलोची असेल तर साडेतीन लिटर भरा.

प्रश्न : गेल्या हंगामातलं अर्धं कॅन इंधन उरलंय. वापरू का?

झाकण घट्ट होतं आणि कॅन सावलीत होतं तर हो. सैल झाकणातून मिथेनॉल हवेतलं पाणी ओढून घेतं. असं इंधन टाकलं की प्लग वारंवार जातो आणि नीडल एका जागी टिकत नाही. शंका असेल तर नवं कॅन उघडून त्याच नीडलवर चालवून पाहा, फरक लगेच कळतो. नव्या कॅनमध्ये नायट्रोचं प्रमाण वेगळं घेऊ नका. २० वरून ३० टक्क्यांवर गेलात तर नीडल उघडावी लागते आणि हेडखाली ०.१ मिलिमीटरची जादा शिम (पातळ चकती) लागू शकते. तेल मात्र १६ ते २० टक्के ठेवा, त्याखाली जाऊ देऊ नका.

भरताना हातमोजे घाला, मिथेनॉल कातडीतूनही शरीरात जातं. त्याची ज्योत दिवसाउजेडी जवळजवळ दिसत नाही. त्यामुळे गरम पाइपवर इंधन सांडलं आणि वर हवा थरथरताना दिसली, तर हात पुढे करू नका. ड्राय पावडरचं छोटं अग्निशामक टाकी भरायच्या जागेपासून हाताच्या अंतरावर ठेवा.